कोरडी शिंक

आमच्या गोठ्यात एक बैल होता, त्याचं नाव शिंक्या. नाव मी ठेवलं नाही, पण ते पडलं माझ्यामुळं.

तेव्हा मी घरात नवीन होते. सासरे म्हशाच्या जत्रेला बैल घ्यायला निघाले होते. टोपी सारखी केली, देवाला हात जोडले, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, आणि नेमका चुलीचा धूर माझ्या नाकात गेला. शिंकले. मुद्दाम का कोणी शिंकतं? पण निघताना शिंक झाली म्हणजे काम नासलं, हे तर ठरलेलंच. सासरे मागं फिरले. वहाणा काढल्या, पाटावर बसले, तांब्याभर पाणी प्याले. ओरडलं कोणीच नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेवढ्या वेळात एसटी निघून गेली. सासरे चालत जत्रेत पोचले तोवर चांगली जनावरं गेली होती, उरलेल्यातला एक घेऊन आले. तो नांगराला जुंपला की दोन तास चाले आणि मग भर चिखलात बसकण मारी. तो बसला की सासूबाई बांधावरून माझ्याकडं बघायच्या. बैलाकडं नाही हं, माझ्याकडं. "शिंकेचा बैल" म्हणता म्हणता त्याचा शिंक्या झाला, आणि मेला पुष्कळ वर्षं जगला.

त्या बैलानं मला शिंक गिळायला शिकवलं. पदराचा बोळा नाकावर धरायचा, आतून दोन बोटांनी नाकपुड्या दाबायच्या, ओठ घट्ट मिटायचे. शिंक आतल्या आत फुटते. कानात दडे बसतात, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, बाहेर मात्र नुसतं "हुप्". आमच्याकडच्या सगळ्या बायांना हे येतं. मी त्यात इतकी तयार झाले होते की शेजारी बसलेल्या माणसाला वाटायचं उचकी लागली.

हे एवढं का सांगते, तर ह्याच विद्येनं पुढं माझा जीव जायची वेळ आली होती.

माझी लेक लग्नाची झाली त्या सुमाराला माझं डोकं दुखायला लागलं. डोकं कोणाचं दुखत नाही? मी बाम चोळत राहिले. मग बाजूचं दिसेनासं झालं. समोरचा माणूस दिसे, पण शेजारी येऊन उभा राहिलेला दिसत नसे. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, ताटाच्या कडेला वाढलेली चटणी दिसायची नाही. गावात बोभाटा झाला की लेकीला स्थळं येतायत म्हणून मला शिंगं फुटली, ओळखीच्या माणसांना बघून न बघितल्यासारखं करते. मुरबाडला दोनदा चष्मा बदलला. चष्मेवाल्याचं भलं झालं. शेवटी कल्याणच्या डॉक्टरनं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं मला एका बोगद्यात घालून फोटो काढला, आणि सांगितलं की मेंदूच्या खाली, नाकाच्या मागं करवंदाएवढी गाठ आहे. तिनं डोळ्यांच्या शिरा दाबून धरल्यात. काढावी लागेल. आणि काढायची ती नाकातून.

ही बातमी गावात माझ्या आधी पोचली. मी घरी आले तर ओटीवर माणसं बसलेली.

"डोक्यातली गाठ नाकातून?" एक जण म्हणाला. "मंग गुडघ्यातली कुटनं काढतान?"

"तुज्या डोक्यात कायच नाय ना रे, म्हनून तुला कलत नाय," सासूबाई आतून म्हणाल्या. त्या माझ्या बाजूनं बोलल्या असं समजू नका. त्यांना तो माणूस आवडत नव्हता.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं आम्हाला बसवून समजावलं. तरुण होता, बोलायला गोड. आमचे हे त्याच्यापुढं तलाठ्यापुढं बसतात तसे बसले, प्रत्येक वाक्याला मान हलवत. काही कळत नसलं की ते जोरात मान हलवतात, हे मला लग्नापासून माहीत आहे. डॉक्टर सांगत होता की मेंदूभोवती पाणी असतं, ते एका पातळ पडद्यात धरलेलं असतं, गाठ काढताना त्या पडद्याला भोक पडू शकतं, मग ते पाणी नाकातून गळतं. ते गळू नये म्हणून मांडीची थोडी चरबी आणि पापुद्रा काढून तिथं बूच बसवायचं. बूच बसवलं तरी ते धरायला वेळ लागतो. तोवर आतून जोर पडला तर निघतं.

यांची मान हलतच होती. मी विचारलं, "कळलं का?"

"कललं ना," हे म्हणाले. "खेकड्यानं बांधाला भोक पाडलंय. आपन चिखल आनि गवत थापायचा. पन वरच्या खाचरात पानी जास्त झाला तर थापलेला पार वाहून जानार. अगो, सोप्पा हाय."

डॉक्टरनं विचारलं, "खेकडा कुठून आला?" पण आमच्या घरात ऑपरेशन तिथंच पक्कं झालं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा मांडी दुखत होती आणि नाकात कापसाचं गाठोडं होतं. गाठ निघाली, डोळे वाचतील, असं सांगितलं. पुढं दोन दिवसांनी कापूस काढला, आणि तिसऱ्या प्रहरी मला शिंक आली.

समोर पाच बायकांच्या पाच खाटा. एकीचा नवरा डबा आणायला निघालेला, दारात पोचलेला. आता सांगा, मी काय केलं असेल? पदर नव्हता, इस्पितळाचा झगा होता, तर झग्याची बाही नाकाला लावली, दोन बोटं दाबली आणि गिळली. हुप्. त्या परक्या माणसाचा डबा नासू नये म्हणून!

सिस्टर पळत आली. "मावशी! नाक दाबलं? सांगितलं होतं ना, शिंक आली की तोंड उघडून मोकळी सोडायची? कोणी सांगितलं तुम्हाला दाबायला?"

तिला कसं सांगू, की बैलानं सांगितलं म्हणून?

मी उठून बसले तर नाकातून थेंब. सर्दीचं पाणी चिकट असतं, हे नितळ होतं, पावसात कौलाच्या टोकाला थेंब लोंबतो आणि टपकतो तसं. घशातही उतरत होतं आणि ते खारट लागत होतं. डॉक्टरचा गोड आवाज बंद झाला. मला आडवं केलं, कमरेत सुई घालून एक बारीक नळी बसवली आणि तिच्यातून पाणी थोडंथोडं बाहेर काढत ठेवलं. खालच्या अंगाला पाण्याला वाट करून दिली की वरच्या बांधावरचा जोर उतरतो, हे यांनी मला न विचारता समजावलं. हलायचं नाही, उठायचं नाही. तिथं पडल्या पडल्या मी शिंक्याला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या त्यानं आयुष्यभर खाल्ल्या नसतील.

थेंब थांबला. घरी सोडताना डॉक्टरनं मला एकटीला समोर बसवून सांगितलं, "मावशी, यावेळी निभावलं. पुन्हा गळलं तर पुन्हा नाकातून जाऊन बुजवावं लागेल. आणि जिथून पाणी बाहेर येतं तिथून जंतू आत जातो. मेंदूला ताप आला तर मी खात्री देऊ शकत नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक दाबायची नाही. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, संडासला कुंथायचं नाही. उशी उंच घेऊन झोपायचं. आणि नाकातून नितळ पाणी आलं, घसा खारट लागला, तर एक दिवसही थांबायचं नाही. दीड-दोन महिने सांभाळा, मग नॉर्मल."

वाकायचं नाही म्हणे! त्या भल्या माणसाला वाटलं असेल, सोपं आहे. केर, सारवण, भांडी, धुणं, चूल, गोठा, भाताची आवणी, तणाची बेणणी, सगळं आमचं वाकूनच. बाई ताठ उभी राहते ती फोटोपुरती.

कल्याणहून जीपनं आलो. मला पुढं बसवलं, डोक्यामागं उशी. रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. हे ड्रायव्हरला सारखे सांगत होते, "हलू घे रे, डोक्यात पानी हाय तिच्या."

मागून कोणीतरी म्हणालं, "काका, हित्तं सगल्यांच्याच डोक्यात पानी हाय. नायतर ह्या रस्त्यानं गेलो असतो का?"

मी हसू आवरलं. हसण्याबद्दल डॉक्टरला विचारायचं राहिलं होतं.

घरी आल्यावर यांनी आपल्या आईला खेकडा आणि बांध पुन्हा समजावला. सासूबाईंचा डॉक्टरवर विश्वास नव्हता, पण बांधावर होता. बांध फुटलेला त्यांनी जन्मभर बघितला होता. त्या म्हणाल्या, "मंग त्या बांधावर कुनाला नाचू देऊ नका." आणि तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी माझ्यासमोर उभ्या राहायच्या. "घसा खारट लागतो का गो?" मी नाही म्हटलं की हनुवटी वर करून नाकात डोकावायच्या, उजेडाकडं वळवून, हातात बॅटरी. मग दुसरा प्रश्न. तो त्या ओटीवर पाहुणे असले तरी मोठ्यानं विचारायच्या: "पोट साफ झाला ना? कुंथली नाय ना?" ओटीवरचे लोक कौलं मोजायला लागायचे. सुताराकडून एका जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं होतं, कारण उकिडवं बसायला मनाई. ती खुर्ची बघायला वरच्या आळीतल्या बाया आल्या. माझं नाक बघायला आल्या नव्हत्या तेवढ्या खुर्ची बघायला आल्या.

केर मात्र लेक कामावर गेली की हे काढायचे. दाराला आतून कडी लावून. रस्त्यावरून बाईनं केर काढलेला दिसला तर घर चांगलं, बाप्यानं काढलेला दिसला तर घर बुडालं. कडी लावलेल्या घरात काय चाललंय याबद्दल मग जे बोललं गेलं, ते आमच्या वयाला शोभणारं नव्हतं.

आणि भेटीला येणारे! आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं येत नाहीत, औषध घेऊन येतात. एकीनं वेखंडाची पूड आणली: "चिमूटभर वढ, धडाधड शिंका येतान, डोका मोकला." मोकळं झालंच असतं! एकानं सांगितलं, मिठाचं पाणी एका नाकपुडीतून ओढून दुसरीतून काढ. एक थोर चुलत सासरे आले, मी वाकून पाया पडले नाही, नुसते हात जोडले. ते चहा न पिता उठले. "मुंबईचा वारा लागला सुनबाईला," म्हणाले. सासूबाईंनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि म्हणाल्या, "भावजी, ती तुमच्या पाया पडली नं तिचा मेंदू तुमच्या पायावर पडंल. कुटं ठेवशाल?"

पण शिंकेचा नियम सासूबाईंनी सोडला नव्हता हं. बांध बांधाच्या जागी, शिंक शिंकेच्या जागी. तोंड उघडून शिंकायचं म्हणजे घरभर ऐकू जाणार, म्हणून त्यांनी तोडगा काढला. कोणी कामाला निघालं की मला मागच्या दारानं परसात पाठवायच्या. "जा गो, चिंचंखाली उभी ऱ्हा." लेक वाशिंदच्या कारखान्यात जायला निघाली की मी चिंचेखाली. हे मुरबाडला निघाले की मी चिंचेखाली. दुधवाला परत निघाला तरी मी चिंचेखाली.

अशातच लेकीचं जमायची वेळ आली. मुलगा तिच्याच कारखान्यातला, राहायला वाशिंदलाच. त्या दोघांचं आधीच ठरलेलं होतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही सगळे माहीत नसल्यासारखे वागत होतो. बोलणी करायला आपली माणसं जाणार होती. आणि त्या कार्याला शेणव्याहून आत्या आल्या. माझ्या सासऱ्यांची बहीण, म्हणजे सासूबाईंची नणंद. त्यांच्या कमरेला चोवीस तास तपकिरीची डबी. डबीवर दोन टिचक्या, झाकण उघड, चिमूट, एक नाकपुडी, दुसरी नाकपुडी, बोटं झटक. झटकलेली तपकीर जाईल तिथं जाईल. आत्या स्वतः कधी शिंकत नसत. ते नाक कधीच मेलं होतं. आजूबाजूचे शिंकायचे.

सासूबाईंनी आल्याआल्या सांगितलं, "वन्सं, हिच्यापासून लांब बसा. हिच्या नाकात बूच हाय."

"बूच!" आत्या म्हणाल्या. "तुजी सून का रॉकेलचा डबा हाय?"

जायची सकाळ उजाडली. जीप दारात. मी चिंचेकडं निघाले, तर आत्यांनीच अडवलं. "आं? पोरीची आई चिंचंखाली नं दही-साखर कोन देनार हातावर? शेजारीन?" शुभ कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर आईनं घालायची, हेही ठरलेलंच. आता एका शुभासाठी मी दारात हवी आणि दुसऱ्या शुभासाठी मी परसात हवी. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "दे. पन पटकन."

उभी राहिले. डाव्या हातात दह्याची वाटी, उजव्या हातात चमचा. हे नवीन पांढऱ्या शर्टात पुढं, मागं दोघं भाऊबंद, दारात ड्रायव्हर. आत्या माझ्या बाजूला. बाजूचं आता मला दिसायला लागलं होतं. त्यांनी डबीवर दोन टिचक्या मारलेल्या मी स्पष्ट बघितल्या. झाकण. चिमूट. बोटं झटकली.

नाकात मुंगी चालावी तसं झालं. यांच्या हातावर दही पडायचं होतं. माझा चेहरा बघून सगळ्यांना कळलं. कोणी हललं नाही. लेक आतल्या दारातून ओरडली, "आई, तोंड उघड!" आणि आत्या त्याच वेळी ओरडल्या, "दाब गो! दाब नाक! पोरीचा जमलेला मोडंल!" माझे दोन्ही हात अडकलेले बघून त्या स्वतःच पुढं झाल्या, दोन बोटं माझ्या नाकाकडं. ती बोटं मला आजही दिसतात, तपकिरीनं पिवळी झालेली. मी मान मागं घ्यायला गेले, मागं दाराची चौकट.

सासूबाईंनी तो हात असा काही हाणून पाडला की डबी उडाली.

"बांध फोडतीस का माजा!" त्या ओरडल्या.

आणि मी शिंकले. तोंड पूर्ण उघडून. अशी शिंक मी माझ्या आयुष्यात कधी शिंकले नव्हते, माहेरीसुद्धा नाही. वाटीतलं निम्मं दही यांच्या शर्टावर गेलं. उडालेली डबी उघडून तपकीर वाऱ्यावर पसरली होती. हे शिंकले, दोघं भाऊबंद शिंकले, उंबऱ्यावरचा ड्रायव्हर तीनदा शिंकला, लेक शिंकली, सासूबाई शिंकल्या. आत्या तेवढ्या कोरड्या उभ्या.

कोणी म्हणेना की मागं फिरा, पाटावर बसा, पाणी प्या. सगळे माझ्या नाकाकडं बघत होते. हे शर्टावरचं दही विसरून बघत होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, शंका आली तर सावकाश पुढं झुकून बघा, थेंब पडतो का. लेकीनं मला खुर्चीवर बसवलं. हो, त्याच भोकाच्या खुर्चीवर, जवळ तीच होती. मी हनुवटी हळूच खाली केली. खाली ताजं सारवलेलं. सारवलेल्यावर पाण्याचा थेंब पडला तर काळा ठिपका उमटतो, लपत नाही. सासूबाई माझ्या पायाशी उकिडव्या बसून जमिनीकडं बघत राहिल्या. मला त्यांचे पांढरे केस दिसत होते आणि माझी जीभ घशाकडं मीठ शोधत होती. इस्पितळाचं छत, कमरेतली नळी, लेकीचं लग्न माझ्याशिवाय लागतंय, हे सगळं त्या जमिनीवर दिसायला लागलं.

ठिपका उमटला नाही.

"खारट?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय."

"नीट बघ."

"नाय हो, आई. तपकिरीचा वास येतो नुसता."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. यांच्याकडं वळल्या. "काय बघतोस? जा. जीप उभी हाय."

"अगो पन शिंक झाली ना," आत्या म्हणाल्या. "बसून पानी तरी पिऊ दे."

"कोरडी शिंक हाय," सासूबाई म्हणाल्या. "कोरडी शिंक चांगली असते. वलीचा दोष."

कोरडी आणि ओली असा शिंकेचा भेद त्या दिवसाआधी आमच्या घराण्यात, आमच्या गावात, किंवा माझ्या माहितीत कुठंच नव्हता. तो त्यांनी उभ्या उभ्या केला, आणि असा केला की आत्यासुद्धा म्हणाल्या, "हां, तसा असतो खरा." म्हणजे एवढं सोपं होतं तर! मी तेव्हा नवीन सून असताना शिंकले तीही कोरडीच होती की. तेव्हा हा भेद कोणाला सुचला असता, तर एसटी चुकली नसती आणि तो बैल दुसऱ्या कोणाच्या चिखलात बसला असता. पण तेव्हा सासूबाईंच्या बांधाला भोक नव्हतं ना.

शर्ट बदलून मंडळी गेली. बोलणी झाली. काय बिघडणार होतं? पोरानं पोरीला आधीच हो म्हटलेलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरनं नाकात दुर्बीण घालून बघितलं आणि बूच छान धरलंय म्हणाला. मी शिंकेची हकिगत सांगितली, तर म्हणाला, "बघा, ऐकलंत म्हणून वाचलात." हे जोरात मान हलवत होते.

लग्नात मी ताठ उभी राहिले, फोटोतही आणि फोटोबाहेरही. जावई चांगला आहे. कधीमधी भर पंगतीत कशावरून तरी अडून बसायचा, मग आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "शिंक्या!" त्यांना मी हसून उत्तर द्यायची, की आत्या, तो बैलसुद्धा आधी दोन तास राबूनच बसायचा.

शिंक गिळायची माझी विद्या मात्र गेली ती गेली. डॉक्टरनं पुढं मोकळीक दिली, तरी मला आता दाबून शिंकताच येत नाही. तीन घरं ऐकू जाते. शेजारचे भाऊजी बाहेर पडायच्या आधी कुंपणावरून हाक मारतात, "वैनी, शिंकून झाला का? मी निघू?"

"थांबा," मी म्हणते, "कोरडी हाय का बघून सांगते."